ताण कधी तोडायचा

अहो वैशूचे बाबा,

बगीचा फुलला. सकाळी मागचं दार उघडलं आणि वास अंगावरच आला. गॅसवरचं चहाचं आधण तसंच ठेवून मी अनवाणी बांधावर, पार धुऱ्यापर्यंत गेले. संत्र्याच्या झाडाझाडाला असं फूल लागलंय की पान शोधावं लागतं. मधमाश्यांचा गलका इतका की कोणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये.

आता ही बातमी सांगायची कोणाला? वैशूला अकोल्याला फोन केला, तर ‘बरं झालं आई’ म्हणाली आणि रडायला लागली. भास्करभाऊ माझ्याआधीच धुऱ्यावर येऊन उभे होते, त्यांना काय सांगायचं? ज्यांना सांगायचं ते तुम्ही, आणि तुम्हाला आता फोन लागत नाही. म्हणून कागद घेऊन बसले.

बोलताना मी दिवसभर मले-तुले करते आणि लिहायला बसले की मला-तुला. दहावीच्या बाईंचा धाक अजून गेला नाही. तुम्ही चिडवायचे, “विमल, कागदावर तू निरा पुन्याची होतं.” हसा. आज मला राग येणार नाही, आज माझा दिवस आहे.

पण आधी त्या वाईट वर्षाचं बोलू द्या, कारण ते बोलल्याशिवाय या फुलांची किंमत कळायची नाही.

संत्र्याला आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं. ताण द्यायचा. झाड तहानतं, पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग नेमका दिवस पाहून पाणी सोडलं की झाड जीव खाऊन फुलतं. घाई केली तर नुसती पालवी येते, उशीर केला तर झाडच वाळून बसतं. हे मी तुम्हाला काय सांगते? अख्ख्या शेंदूरजनाघाटात लोक तुम्हालाच विचारायला यायचे, “नाना, पाणी सोडू काय?” तुम्ही त्यांच्या बगिच्यात जायचे, एक पान बोटांत धरायचे, आणि म्हणायचे, “थांब” नाहीतर “सोड.” बाकी काही नाही. तुमचा तोरा किती, शब्द किती.

आणि त्या वर्षी ताण अर्धा झालेला असताना तुम्ही एका सकाळी उठून स्वतःच मोटर चालू केलीत. पुढच्या आठवड्यात माझ्यावरच डाफरलात, “अजून पानी काहून नाई सोडलं?” मी म्हटलं, तुम्हीच सोडलं. तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत, जणू मी खोटं बोलते आहे. मग बुंध्यांच्या ओल्या आळ्यांकडं पाहिलंत. मग खाली बसलात.

झाडांनी पालवी काढली. फुलं नावाला आली.

तसं दुखणं आधीपासून होतंच. चालताना डाव्या बाजूला तोल जायचा. कानात सारखं कोणीतरी चाळण फिरवतं आहे म्हणायचे. वैशूला हाक मारताना आधी माझं नाव, मग तुमच्या चुलत बहिणीचं, मग वैशूचं. आम्ही हसत होतो. तुम्हीही हसत होतात. अमरावतीच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना रक्त पुरत नाही, लहान लहान झटके येऊन गेले आहेत, तुम्हाला कळलेही नसतील. तुम्ही त्यांना विचारलंत, “मंग ते जे गेलं ते वापस येते काय?” डॉक्टर भला माणूस, त्यांनी उगाच हो म्हटलं नाही. गोळ्या लिहून दिल्या, बिडी बंद केली, रोज चाला म्हणाले.

पण खरा घाव घातला तो व्यापाऱ्यानं. पावसाळ्यात फळ पाहायला आला होता, आठवतं ना? तुम्ही ओसरीवर खुर्चीत बसलेले. तो तुमच्या पुढून गेला, राम राम केला, आणि तुमच्या धाकट्या भावाला म्हणाला, “भास्करभाऊ, बगिच्याचं आता तुमालेच विचारा लागते ना?” भास्करभाऊ बिचारे खाली पाहत राहिले. तुम्ही दुपारी ताटावर बसलात आणि भाकरी मोडलीच नाहीत.

मी भांडायच्या तयारीत होते. पण तुम्ही म्हणालात, “विमल, मले एक बहार माह्या डोयानं घ्याचा हाये. एकच. मंग कोनी विचारो का नको विचारो.”

चाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही माझ्याकडं काही मागितलं असेल तर हे. साडी मी मागायची, सेमाडोहचं जंगल दाखवा असं मी म्हणायची, तुम्ही नुसते ‘पाहू’ म्हणायचे. आणि मागितलंत तर हे असं.

अकोल्याचं कळलं ते अमरावतीच्या डॉक्टरांकडूनच. म्हणाले, तिथं एक श्वासाचा उपचार आहे, नवा आहे, सगळ्यांना लागू पडतोच असं नाही, आणि गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत. वैशूचं घर जठारपेठेत, दवाखाना तिथून चालत जाण्याजोगा. तरी तुम्ही अडून बसलात. “लेकीच्या घरी मुक्काम? माही माय म्हने, लेकीच्या घरचं पानीबी पेऊ नाई.” मी म्हटलं, तुमच्या मायला लेकच नव्हती, तिला काय जातं म्हणायला? त्यावर तुम्ही हसलात आणि पिशवी भरू दिलीत. त्या साली बगिच्यात तोडायला फळच नव्हतं, म्हणून दिवाळीनंतर निघता आलं. वाईटातून निघालेलं तेवढंच एक चांगलं.

दवाखान्यातला पहिला दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉक्टर मॅडम तरुण होत्या पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी समजावलं की काका, हा मास्क नाकातोंडावर बसेल. यंत्रातून काही मिनिटं कमी ऑक्सिजनची हवा येईल, मग काही मिनिटं जास्त ऑक्सिजनची, परत कमी, परत जास्त. कमी हवा आली की शरीराला थोडी चणचण भासते. ते सावध होतं, बारीक बारीक वाटा उघडायला शिकतं. मग जास्त हवा आली की त्या वाटांनी रक्त खेळतं.

तुम्ही ऐकत होतात. मग खुर्चीत सरसावून बसलात आणि म्हणालात, “म्हंजे ताण देता तुमी.”

मॅडमना कळेना. मग तुम्ही त्यांना संत्र्याचं सगळं सांगितलंत, पाणी कसं तोडतात, झाड कसं तहानतं, कसं फुलतं. कितीतरी महिन्यांनी तुम्ही एक गोष्ट सुरू करून न अडखळता शेवटाला नेली होती. मी तुमच्याकडं पाहत होते, मॅडमही यंत्र सोडून तुमच्याकडं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “हो काका, थोडंफार तसंच. मी आता बाकीच्यांनाही असंच सांगत जाईन.”

झालं. तुम्ही फुगलात. बाहेर बाकावर बसलेल्या साऱ्या पेशंटना तुम्ही ताण शिकवलात.

आत उपचार देणारी प्रणाली. परतवाड्याची पोट्टी, तोंडाची फटकळ, हाताची हलकी. तिनं बोटाला चिमटा लावला, त्यातून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा समोर दिसायचा. मग एकच नियम सांगितला, “काका, डोकं गरगरलं, घाबरल्यासारखं झालं, तर हात वर करायचा. लाजायचं नाही.” तुम्ही म्हणालात, “मी काय शायेतलं पोट्टं हावो?” ती म्हणाली, “इथं सगळे शाळेतलेच.”

मास्क लावून तुम्ही बसलात तेव्हा मला आपलं लग्न आठवलं. मुंडावळ्या बांधून बसला होतात तेव्हाही हाच चेहरा होता, कोणीतरी फसवून आणल्यासारखा.

पहिले काही दिवस छान गेले. मग तुमच्या डोक्यात तो किडा शिरला. तो संत्रावाल्याच्याच डोक्यात शिरू जाणे. तुम्ही ठरवलंत की नुसता हवेचा ताण पुरत नाही. बहार जोराचा पाहिजे तर पाणी तोडलं पाहिजे. आणि झाडाचं तोडता तसं तुम्ही स्वतःचंच पाणी तोडलंत. आदल्या संध्याकाळपासून घोटभर नाही. सकाळचा चहा ओट्यावर तसाच. वैशूनं तांब्या पुढं केला तर हातानं बाजूला सारलात.

ती पोरगी स्वयंपाकघरात जाऊन रडली, तुम्हाला माहीत आहे का? तिला वाटलं, बाबा अजून आजीचं ऐकतात, माझ्या घरचं पाणी त्यांना चालत नाही. मलाही तेच वाटलं, आणि मनातल्या मनात मी तुमच्या मायला चार शब्द सुनावले. कोणाच्या बाच्या ध्यानात येणार की आतला माणूस आंबिया बहाराला बसलाय?

मास्क लागला. कमी हवा सुरू झाली. मी भिंतीकडच्या खुर्चीत होते. तुमच्या कपाळावर घाम दिसला. ओठांचा रंग बदलला. आणि तुमचा हात मांडीवर मूठ आवळून तसाच. वर नाही केलात. प्रणालीनं आकडा पाहिला, तुमचं तोंड पाहिलं, आणि तिनं एका झटक्यात हवा बदलली, खुर्ची मागं पाडली, पाय वर घेतले आणि मॅडमना हाक मारली. मी तिथंच उभी. मला वाटलं, गेलं माझं माणूस, एका बहारापायी गेलं.

रक्तदाब पार उतरला होता. तुम्ही डोळे उघडल्यावर मॅडमनी विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं? आणि तुम्ही, लबाड नसलेला माणूस, सरळ सांगून टाकलंत, “पानी तोडलं होतं, मॅडम.”

त्यांनी खुर्ची तुमच्यापुढं ओढली. मग म्हणाल्या, “काका, ताण द्यायचं काम आमचं. तुमचं काम पाणी प्यायचं. मेंदूला आधीच रक्त पुरत नाही, त्यात पाणी तोडलं तर दाब उतरतो, रक्त घट्ट होतं, मोठा झटका यायला वेळ लागत नाही. आणि हात का नाही वर केला?”

तुम्ही म्हणालात, “मधीच हवा सोडली असती तं ताण तुटला असता.”

ऑटोत मी तुम्हाला जे बोलले ते ऑटोवाल्यानंही ऐकलं. “झाडाले तोंड नाई म्हून आपण त्याची पानं पाहतो. तुमाले देवानं तोंड देलं, हात देला, तरी मीच तुमची पानं पाहू काय? तुमी झाड नाई हो. तुमी माह्ये मालक हा.” तुम्ही बाहेर पाहत राहिलात. जठारपेठेच्या वळणावर संत्र्याची गाडी उभी होती, हिरवट माल, तरी तुम्ही मान वळवून पाहिलंत, आणि मला रागातही हसू आलं.

घरात शिरल्याबरोबर तुम्ही वैशूला म्हणालात, “पोरी, पानी दे.” एक तांब्या प्यायलात. मग म्हणालात, “अजून दे.” ती तांब्या भरत होती आणि तिचे डोळे वाहत होते. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, “तुह्या घरच्या पान्याले चव हाये.” तुमच्या मायची ती शिकवण त्या दिवशी जठारपेठेत बुडाली.

मॅडमनी मध्ये विश्रांती दिली, तपासण्या केल्या, हवा थोडी सौम्य केली आणि मगच पुन्हा सुरू केलं. त्या पहिल्या दिवशी मी देवाचं नाव घेत बसले होते. आणि मध्यातच तुमचा हात वर गेला. प्रणाली धावली, मी उठले. मास्क काढला तर तुम्ही शांतपणे म्हणालात, “काई नाई, करून पाह्यलं. येते का नाई धावून.”

प्रणालीनं कपाळाला हात लावला. पण मला त्या क्षणी तुमचा जो अभिमान वाटला तो तुम्हाला तेव्हा सांगितला नाही, आता सांगते. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाला ‘मला होत नाही’ असं म्हटलं नाही, बैल अंगावर आला तरी हाक मारली नाही, त्यानं चारचौघांत हात वर केला होता. थट्टेत केला असेल. पण नंतर दोनदा खरा केला, आणि दोन्ही वेळा लाजला नाही.

काही आठवड्यांनी तुम्ही सरळ चालायला लागलात. कानातली चाळण मंदावली. वैशूला पहिल्या हाकेत वैशू म्हणालात. मी मॅडमना पेढे द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, “काकू, या हवेनं किती, गोळ्यांनी किती आणि काकांच्या चालण्यानं किती, हे मला सांगता येणार नाही. पेढा मात्र घेते.” त्यांचं हे बोलणं मला आवडलं. आपल्याकडं कोणी असं सांगत नाही.

शेंदूरजनाघाटाला परत आलो तेव्हा पाणी तोडायचे दिवस आले होते. भास्करभाऊ विचारायला आले, तुम्ही म्हणालात, “तोड.” आणि त्या संध्याकाळपासून तुमचं नवं सुरू झालं.

बगिच्यात मला घेऊन जायचे. झाडापुढं उभं करायचे. आणि म्हणायचे, “तू सांग आंधी, मंग मी सांगतो.”

मी म्हटलं, मला काय कळतं? तुम्ही म्हणालात, “चाळीस साल डबा घेऊन इथी येऊन रायली ना? डोये काय घरी ठेवून येत होती?” तुम्हाला तुमच्या डोळ्याची खात्री नव्हती, म्हणून माझ्या डोळ्याशी ताडून पाहत होतात. हे मला तेव्हाच कळलं. पण बोलले नाही. रोज एक पान धरायचं. दुपारी दुमडलेलं पान सकाळी उघडतं तोवर थांबायचं. सकाळीही उघडलं नाही, हाताला कातड्यासारखं लागलं, खाली गळती दिसली, की दिवस आला. हे तुम्ही तोंडानं कधी सांगितलं नाहीत. माझं चुकलं की नुसते ‘हं’ म्हणायचे.

पण एक विचारू? चाळीस वर्षं का नाही विचारलंत? डोकं थकल्यावरच बायकोचे डोळे दिसले का? जाऊ द्या. विचारलंत तेच खूप. कितीतरी जणांना मरेपर्यंत सुचत नाही.

एका सकाळी मी पान धरलं आणि म्हटलं, “आज.” तुम्ही पान धरलंत, सोडलंत, आणि म्हणालात, “आज.” मोटर तुम्हीच चालू केलीत. पहिलं पाणी हलकं दिलंत. भास्करभाऊ मागं उभे होते, तुम्हाला कोणी धरलेलं नव्हतं. तो बहार शिवारात सगळ्यांनी पाहिला.

आणि पावसाळ्यात तोच व्यापारी आला. ओसरीवर थांबला, तुमच्यासमोर. म्हणाला, “नाना, काय म्हनता यंदा?” तुम्ही मला हाक मारलीत, “विमल, पानी आन.” सावकाश सगळा तांब्या प्यायलात. तो उभा. मग म्हणालात, “बस. बोलू.” मी आतून पाहत होते. त्या दिवशी तुम्ही दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मागितला होतात एक बहार. मिळाला तुम्हाला, तुमच्या डोळ्यानं.

मग या हिवाळ्यात पाणी तोडून झालं आणि छातीत कळ आली. अमरावतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. डोकं मात्र शाबूत होतं, शेवटपर्यंत. नर्स ऑक्सिजनचा मास्क लावायला आली तर तुम्ही तिला शिकवलंत, “पट्टी कानाच्या वरून घे पोरी, हा माह्या रोजचा धंदा होता.” तिला काय कळणार? मी आणि वैशू मात्र हसलो. त्या खोलीत हसलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हात वर केलात. मला वाटलं चक्कर आली, मी नर्सला हाक मारायला वळले. तुम्ही मान हलवलीत. मी मास्क जरासा उचलला. तुम्ही म्हणालात, “पानं पाह्यली काय?”

मी म्हटलं, “भास्करभाऊले फोनवर विचारलं. सकाळी उघडतात म्हने. अजून नाई.”

तुम्ही म्हणालात, “भास्करले नको विचारू. तू पाह्य. तू म्हनशीन तवा.”

मास्क मी परत लावला. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

घरी माणसं जमली. बगीचा मागं तहानलेला उभा. तिसऱ्या दिवशी भास्करभाऊ आले, डोळे लाल, म्हणाले, “वहिनी, घरातलं मानूस गेलं. असं असताना झाडं तहानली ठेवू नाई. भाऊचा जीव अडकून राहीन. मोटर चालू करतो.” तुमच्या चुलत बहिणी लगेच माना डोलवायला लागल्या. एक तर माझ्या पाठीमागं म्हणाली, बाईचं काळीज पाह्य, नवरा गेला अन् झाडाईचंही पानी तोडून बसली.

मला खरंच भीती वाटली. माझं चुकलं असतं तर? झाडं बसली असती तर? मग जन्मभर हेच ऐकावं लागलं असतं की हिनं नवऱ्यामागं बगीचाही घालवला. आणि तुम्ही ‘हं’ म्हणायलाही नव्हतात.

तरी मी उठले. ओसरीवर येऊन म्हटलं, “भास्करभाऊ, मोटरीले हात लावू नका. ताण पुरा व्हाचा हाये.”

“वहिनी, लोक काय म्हनतीन?”

“लोकाईले फुलं दाखवू.”

ते मोटरीच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी तांब्या नेऊन दिला. प्यायले. आपल्या घरात आता कोणी पाणी नाकारत नाही.

त्यानंतर रोज सकाळी, दिवस सुतकाचे असले तरी, मी बगिच्यात गेले. पहिल्या दिवशी पान हातात धरून मी उभीच राहिले, वाट पाहत, की कोणी म्हणेल, “तू सांग आंधी.” मग मीच मोठ्यानं म्हटलं, “आज नाई.” दुसऱ्या दिवशी, “आज नाई.” तेरावं झालं, पाहुणे गेले, एक दिवस ढगही आले आणि न बरसता गेले. आणि एका सकाळी पान उघडलेलं नव्हतं. हाताला कातड्यासारखं लागलं. मी दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं. मग मोटर मी चालू केली. पहिलं पाणी हलकं दिलं, तुमच्यासारखं.

आणि आज फुलला.

धुऱ्यावर भास्करभाऊ उभे होते म्हटलं ना, त्यांच्यासंगं शेजारचा बगिचावाला होता. त्यानं घाई केली होती यंदा, त्याच्याकडं नुसतं हिरवं आहे. तो भास्करभाऊंना म्हणाला, “पुढच्या साली आमचा ताण पाहून देसान काय?” भास्करभाऊंनी माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाले, “मले काय विचारतं? बगिच्याचं वहिनीले विचार.”

ऐकलंत ना? ओसरीवर त्या दिवशी तुम्हाला जे लागलं होतं, ते आज माझ्या आतून निघून गेलं. माझ्याही आणि तुमच्याही, असं मी धरून चालते.

आता तुम्हाला शब्द देते. दिवसभर पाणी पिईन. गोळ्या घेईन. प्रणालीचा फोन आला होता, नवे पेशंट मास्कला घाबरतात, काकू एकदा येऊन बोला म्हणते. मी जाणार आहे. तुम्ही पाणी तोडलं होतं ते साऱ्या अकोल्याला सांगणार आहे, रागवू नका, आणि हात वर केला होता तेही सांगणार आहे. घरी कोणी श्वास कोंडून असलं काही करू नका, हेही बजावीन. फळ धरलं की वैशूला घेऊन सेमाडोहला जाईन, तुमचं ‘पाहू’ मीच पुरं करीन. मला कधी गरगरलं तर हात वर करीन, लाजणार नाही.

आणि पुढच्या हिवाळ्यात वैशूला बोलावून घेईन. झाडापुढं उभी करीन, तिच्या हातात पान देईन आणि म्हणेन, “तू सांग आंधी, मंग मी सांगतो.” माझं ‘सांगते’ व्हायला हवं तिथं. पण मी तुमच्याच शब्दात म्हणेन.

तुमची,
विमल